भिवराची रिकामी गोफण

एका गावात एक बाई होती, आणि तिला लोक तोंडावरून कमी, आवाजावरून जास्त ओळखायचे. तिच्या नाही हं, तिच्या गोफणीच्या आवाजावरून. सट्‌ करून एकच फटका हवेत वाजायचा आणि ओढ्यापलीकडच्या माणसालाही कळायचं, चढली भिवरा मचाणावर.

गोफण म्हणजे काय, तर वाखाची, म्हणजे घायपाताच्या धाग्यांची दोरी आणि मधे विणलेली पसरट झोळी. झोळीत दगड ठेवायचा, डोक्यावरून गरगर फिरवायचा आणि दोरीचं एक टोक सोडून द्यायचं. ऐकायला सोपं आहे. करायला गेलात तर दगड आपल्याच पाठीमागं पडतो. भिवराचा मात्र म्हणाल तिथं पडायचा. आणि खरी गंमत तर पुढं आहे, तिनं आयुष्यात एकही पाखरू मारलं नव्हतं. थव्याच्या उजवीकडून दगड काढला की थवा डावीकडं वळायचा, डावीकडून काढला की उजवीकडं. लोक मेंढरं वळवतात, ही आभाळातली पाखरं वळवायची.

गावाच्या कडेनं ओढा होता आणि ओढ्याला लागून दाट बाभळबन. त्या बनात पाखरांची वस्ती. चिमण्या, सुगरणी, आणि थंडी पडली की कुठून तरी लांबच्या मुलखातून येणाऱ्या भोरड्या, त्या तर थव्याच्या थव्यानं. बनाला लागून पहिलं रान भिवराचं, मग बांध, मग हैबतीआबांचं, मग बांध, मग केरूनानांचं. तिघांचीही ज्वारी. घरची वर्षभराची भाकरी म्हणजे तीच. दाणा दाबला की पांढरं दूध निघायला लागलं, म्हणजे पाखरांचा जीव त्या कणसात आणि माणसांचाही.

त्या दिवसांत भिवरा उजाडायच्या आत मचाणावर असायची. थवा बनातून उठला की सट्‌, गेला पलीकडं. दुसरा उठला की सट्‌, तोही गेला. तिच्या रानात पाखराला पाय टेकायची सोय नव्हती. पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, "भिवराच्या कणसाला चोच लागत नाही बाई, लागलीच तर दृष्ट लागंल."

"काहीतरीच तुमचं," भिवरा म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी आणखी लवकर मचाणावर चढायची.

हैबतीआबांचं तसं नव्हतं. म्हातारा एकटा, उजवा खांदा धरलेला, गोफण फिरवायची म्हटली तरी डोळ्यांत पाणी यायचं. ते आपले बांधावर बसून एक पत्र्याचा डबा वाजवायचे. तोही दम लागला की थांबायचा. पाखरांना ते कधीच कळून चुकलं होतं.

"भिवरे," आबा बांधावरून हाक मारायचे, "तुझी पाखरं माझ्याकडं जेवायला आलीत गं."

"माझी कशानं आबा? पाखरं देवाची."

"मग देवानं एखादी पंगत तुझ्याकडं बसवावी की. रोज आपलं माझ्याच घरी."

ती हसायची, आबाही हसायचे. तेवढ्यावर बोलणं संपायचं. आबांची रास मात्र सालोसाल लहान होत चालली होती आणि गाव म्हणायचं, म्हाताऱ्याच्यानं आता राखण होत नाही. भिवराही तसंच म्हणायची. तिला खरंच तसं वाटायचं.

मग एका साली भोरड्या फार आल्या. इतक्या की बनातून उठल्या की खालच्या जमिनीवर ढगासारखी सावली पळायची. गावाचं धाबं दणाणलं.

आता केरूनाना कोण, ते सांगायला हवं. हा माणूस हरायला तयारच नसायचा. कुणी म्हटलं आज थंडी आहे, तर हा म्हणणार आमच्या गल्लीत जास्त आहे. त्यानं काय केलं, सगळ्या रानातून एक लांब दोरी फिरवली, दोरीला गावभरचे फुटके डबे बांधले, आणि टोक हातात धरून खोपीच्या सावलीत बसला. दोरी ओढली की सगळ्या रानातून एकदम खडखडाट. माणसंसुद्धा दचकायची.

झालं. आता भिवराची गोफण वाजली की थवा आबांकडं. आबांचा डबा वाजला की नानांकडं. नानांनी दोरी ओढली की तोच थवा फिरून परत भिवराकडं. सकाळपासून दिवस बुडेपर्यंत नुसती गरगर. कुणाच्या रानात पाखरू क्षणभर टिकत नव्हतं, आणि तिघंही आपापल्या जागी खूश होते, की बघा, आपण टिकू दिलं नाही.

एका दुपारी भिवरा मचाणावरून उतरून सहज रानात शिरली आणि चार पावलांवरच थांबली. तिनं एक कणीस हातात धरलं. एका बाजूला टोच मारलेली. खाल्लेलं नाही, नुसती टोच. फुटलेल्या दाण्यातलं दूध ओघळून चिकट झालेलं, त्यावर मुंग्या. शेजारच्या कणसालाही तसंच. त्याच्या शेजारच्यालाही. दोन-तीन दिवसांपूर्वीच्या टोचांवर काळी बुरशी चढायला लागली होती आणि ती आजूबाजूच्या चांगल्या दाण्यांवर पसरत होती. खाली मातीत दाणेच दाणे सांडलेले. रान खाल्लेलं नव्हतं, रान नासलेलं होतं. आणि हे सगळं तिच्या नाकासमोर.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला, येसाजीला सांगितलं. तो बैलाला पेंड घालत होता.

"डुलकी लागली असंल तुला," तो म्हणाला.

"मला?"

"मग अशी टोच कधी मारली?"

भिवरानं पेंडीची रिकामी पाटी उचलून ठेवली. येसाजी बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "राखण तुझी, त्यात मी बोलत नाही. पण असंच चाललं तर चैत्रात कणगीचा तळ दिसंल, एवढं ध्यानात ठेव."

दुसऱ्या दिवशी भिवरानं हात असा चालवला की विचारू नका. ओरडून ओरडून घसा बसला. शब्द फुटेना, तरी गोफण चालूच. आणि ऐन सकाळी, थवा समोरून येत असताना, वाखाची दोरी काडकन तुटली. दगड कुठंतरी गेला, तुटकं टोक हातात राहिलं.

घसा बसलेला, गोफण तुटलेली. करणार काय? तिनं मचाणावर बसकण मारली, कमरेला लावलेला वाख काढला आणि मांडीवर नवी दोरी वळायला घेतली. हात दोरीवर, डोळे रानावर. थवा ओढ्याकडच्या कोपऱ्यात उतरला. इतक्या वर्षांत तिनं पाखरू उतरताना पाहिलंच नव्हतं, फक्त उडताना पाहिलं होतं.

आणि मग ती बघतच राहिली. एकेका कणसावर एकेक पाखरू बसलं होतं. ज्यानं जे कणीस धरलं, ते त्यानं सोडलं नाही. वरून सुरुवात, दाण्याला दाणा लावून, खाली खाली. इकडं टोच, तिकडं टोच, असलं काही नाही. दोन चिमण्या तर कणसाकडं बघेनात. ज्वारीच्या ताटावरच्या पानांच्या बेचक्यात डोकं घालून त्या अळ्या ओढून काढत होत्या आणि चोचीत धरून बनाकडं पळत होत्या, घरट्यात पिलं असणार. बाकीची सगळी गप्प जेवत होती. हो, जेवतच होती, दुसरा शब्द नाही. कारण खाणं झाल्यावर त्यांनी ताटावर चोच इकडून तिकडून पुसली, पिसं फुगवली, आणि नवी दोरी अर्धीसुद्धा वळून झाली नव्हती तोवर थवा उठला. कुणी न हाकलता उठला.

भिवरानं मान वळवून बघितलं, आता आबांकडं जाणार. नाही गेला. सरळ बाभळबनात गेला आणि सावलीत चिवचिवत बसला. दिवस माथ्यावर आला तरी बाहेर पडला नाही. तिकडं नाना मात्र सवयीनं दोरी ओढत होते, खडखड खडखड, आभाळ मोकळं होतं तरी.

दोरी वळून झाली होती. भिवरा ती हातात धरून तशीच बसली. पाखराचं पोट ते केवढं? सकाळी भरतं, मग दुपारभर त्याला काही नको असतं, दिवस कलताना पुन्हा लागतं. पण भरूच दिलं नाही तर? तर ते दिवसभर भुकेलंच राहणार. घाबरत उतरणार, मिळेल तिथं एक टोच मारणार, उडणार, पुढच्या रानात परत तेच. म्हणजे आपण पाखरं हाकलत नव्हतो, आपण भूक हाकलत होतो, आणि ती बांध ओलांडून आबांकडं जात होती. वर्षानुवर्षं. आबा थट्टेत सांगत होते आणि आपण हसत होतो.

दिवस कलताना ती आबांच्या बांधावर गेली. बसलेल्या घशानं जमेल तसं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "आबा, तुमची ज्वारी पाखरांनी नाही खाल्ली. माझ्या गोफणीनं खाल्ली."

आबांनी डबा बाजूला ठेवला. "मला वाटायचं तुला ठाऊक आहे," ते म्हणाले.

ती खाली मान घालून बसली. मग आबाच म्हणाले, "बरं, आता पुढं काय ते बोल."

ठरलं ते असं. ओढ्याकडचा एक कोपरा तिनं पाखरांना सोडायचा, एक आबांनी. सकाळी दिवस वर येईपर्यंत आणि संध्याकाळी दिवस कलल्यावर, त्या दोन वेळी कुणी काही वाजवायचं नाही. जेवू द्यायचं. मधल्या वेळात एखादं चुकार पाखरू आलंच तर हाकलायचं. पण हे तिघांनी मिळून केलं तरच जमणार. म्हणून दोघं नानांकडं गेले.

नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले. "म्हणजे तू पाखरांची खानावळ काढलीस म्हण की."

"नाना, नुसतं दोन वेळा गप्प बसायचं आहे. आणि एक कोपरा."

"माझा कोपरा कशाला? तू घालतीयस ना जेवायला? घाल. पुण्य लागंल. मी आपला माझं रान राखतो."

"तुम्ही खडखडाट केला की सगळा भार माझ्यावर येतो, नाना."

"ते तू आणि पाखरं बघून घ्या," नाना म्हणाले आणि दोरीची गाठ घट्ट करायला लागले.

आणि झालं अगदी तसंच. आबांच्या कोपऱ्यात थोडी, भिवराच्या कोपऱ्यात बाकी सगळी. नानांच्या वाट्याचीही. कोपरा सरला, जेवण पुढं सरकलं. भिवरा मचाणावर गोफण मांडीवर घेऊन बसायची आणि आपली ज्वारी डोळ्यांदेखत जाताना बघायची. इतकी वर्षं गोफण फिरवणं तिला कधी जड गेलं नव्हतं. न फिरवणं फार जड जात होतं. हात आपोआप दगडाकडं जायचा, ती तो मागं घ्यायची. रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे, "काय गं, ताप आलाय का?" पाणवठ्यावर कुजबुज सुरू झाली, भिवराचा नेम गेला म्हणून. ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

एका सकाळी नाना बांधावर येऊन उभे राहिले. तिच्या अर्ध्या खाल्लेल्या कडेकडं बघितलं, मग आपल्या भरगच्च रानाकडं बघितलं. "भिवरे, पाहुण्यांना ताक-बिक देतीस का नाही वर?" एवढं बोलून ते हसत हसत खोपीत जाऊन बसले. आज दोरीसुद्धा ओढायची गरज नव्हती त्यांना. हात मोकळे, रान मोकळं.

भिवरानं गोफण उचलली. झोळीत दगड ठेवला.

आता तिला काय येत होतं ते आठवा. थवा कोपऱ्यात बसला होता, भुकेला, अजून जेवण अर्धंही झालं नव्हतं. एक दगड ओढ्याच्या बाजूनं काढला असता तर तो सगळा काळा ढग उठून, आबांच्या रानावरून, सरळ नानांच्या ज्वारीवर पडला असता. दुसरा दगड मागोमाग, की तिथून हलला नसता. गावात हे जमणारी ती एकटीच होती, आणि कुणाला कळलंही नसतं, पाखरंच ती.

आबा बांधावरून बघत होते. ते हळूच म्हणाले, "धाड की. कोण काय म्हणणार आहे?"

गोफण डोक्यावर फिरायला लागली. एक फेरा, दुसरा फेरा. भिवराचे डोळे नानांच्या रानावर होते, पण तिला दिसत मात्र आबांची रास होती, दर साली थोडी थोडी बुटकी होत गेलेली. तेव्हाही तिचा हात असाच फिरत होता. तेव्हा न कळता फिरत होता. आता कळून फिरणार होता, फरक एवढाच. आणि तो फरक तिला झेपेना.

तिचा हात मंद झाला. गोफण खाली आली. तिनं झोळीतला दगड काढून मचाणाच्या फळीवर ठेवला.

"नाही जमत आबा," ती म्हणाली. "नेम आहे. जमत नाही."

"मला म्हाताऱ्याला तेच बघायचं होतं," आबा म्हणाले. मग म्हणाले, "खरं सांगू? धाडली असतीस तरी मी काही बोललो नसतो. त्याची खोपी बघून माझाही जीव जळतो."

दोघंही हसले. कोपऱ्यात पाखरं जेवत होती.

दिवस गेले, दाणा टणक झाला, भोरड्या आपल्या मुलखाला निघून गेल्या. ज्वारी काढली, कणसं खुडली, खळ्यावर मळणी झाली. वारं सुटल्यावर सगळ्यांनी उफणून घेतलं आणि राशी लागल्या. आता खरं तेच सांगायला हवं: सगळ्यात मोठी रास नानांची होती. जगात असंही होतं. भिवराचा कोपरा आणि कड पूर्ण गेली होती, पण आतलं रान एकदम स्वच्छ निघालं होतं, टोच नाही, बुरशी नाही, दाणा मोत्यासारखा. येसाजीनं राशीत हात घालून बघितला. "घरापुरती आहे," तो म्हणाला, "श्रावणात थोडी ओढाताण होईल." पण तिला बोल लावला नाही.

हैबतीआबांची रास कितीतरी वर्षांनी त्यांच्या कमरेला लागली होती. आबांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, मग पाटी घेतली, शिगोशीग भरली, आणि दुखऱ्या खांद्यावर घेऊन भिवराच्या खळ्याकडं चालायला लागले. ती धावत पुढं गेली. "आबा, हे काय?"

"तुझी पाखरं माझ्याकडं फारशी जेवायला आली नाहीत यंदा. त्यांच्या वाट्याचं आणलंय." त्यांनी पाटी तिच्या राशीत ओतली आणि दुसरी आणायला परत गेले.

नाना आपल्या खळ्यावरून हे बघत होते. त्यांची बायको बयजा शेजारी धान्य पोत्यात भरत होती. तिनं मानही वर केली नाही, नुसती म्हणाली, "महिनाभर दोरी ओढून हाताला घट्टे पाडून घेतलेत. बहुतेक दिवस रानात पाखरू नव्हतं. कुणासाठी वाजवत होता?"

नाना म्हणजे हरायला तयार नसलेला माणूस. पण त्या दिवशी त्यांनी आपली रास कुणाला बोलावून दाखवली नाही, आणि ज्यांनी आपणहून कौतुक केलं त्यांना म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे," आणि विषय बदलला.

पुढच्या साली ज्वारी पुन्हा दुधात आली. थंडीत भोरड्या आल्या. भिवरा सकाळी मचाणावर चढली, कोपऱ्याकडं बघितलं आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पाखरं कमी होती. बरीच कमी. तिनं आबांकडं बघितलं, त्यांच्याकडंही थोडीच. मग ती उतरली आणि बांधाबांधानं पुढं गेली.

केरूनाना आपल्या रानाच्या ओढ्याकडच्या टोकाला मातीत मांडी घालून बसले होते. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते, जणू हात आपल्या मनानं काही करतील. समोर त्यांच्या ज्वारीवर थवा बसला होता, आणि कणसामागून कणीस रिकामं होत होतं. नानांचा चेहरा असा झाला होता की जणू कुणी त्यांच्या तोंडचा घास काढून घेतोय.

भिवरा त्यांच्याशेजारी बसली.

"कसली हावरट आहेत बघ," नाना म्हणाले.

"भरंल आता पोट त्यांचं."

"कधी भरंल?"

"थोडा दम धरा की, नाना."

नाना तिच्याकडं न बघता म्हणाले, "मागल्या साली तू हे रोज बघत बसायचीस?"

"रोज."

"माझ्या वाट्याचंसुद्धा?"

तेवढ्यात थव्यातल्या एका पाखरानं ताटावर चोच पुसली. मग दुसऱ्यानं. आणि सगळा थवा एकदम उठून, कुणाच्याही रानाकडं न वळता, बाभळबनाकडं निघून गेला. नानांनी मांड्यांखालचे हात काढले आणि मोकळे करत म्हणाले, "संध्याकाळी तूही ये बसायला. एकट्याच्यानं निघत नाही हे."

यातून घ्यायचं तात्पर्य एवढंच: आपल्या रानातून हाकललेली भूक मरत नाही, ती शेजाऱ्याच्या रानात जाऊन बसते, तिला आपल्या कोपऱ्यात जागा देणाऱ्याचं थोडं जातं, पण सगळ्यांचं वाचतं, आणि ते थोडं जाणं सगळ्यांनी वाटून घ्यायचं असतं.